परवाचं पाणी

"तात्या, ती किटकॅट होती तिथं परत लावा बघू," मी म्हणाले.

सोपानतात्या पंपघरातल्या पॅनलपुढे उभे होते आणि त्यांच्या ओंजळीत चिनी मातीची तीन पांढरी किटकॅट होती. फ्यूज म्हटलं तर आमच्या हरणवाडीत कुणी तोंडाकडे बघेल, किटकॅट म्हटलं की शेंबडं पोरही सांगतं. तात्या गावच्या पाणी वापर संस्थेचे पाटकरी. तलावातलं पाणी पंपानं टेकडीवरच्या हौदात चढवायचं आणि तिथून पाटानं शिवाराला वाटायचं, हे काम ते मी जन्मायच्या आधीपासून करत होते. त्यांचा एक नेम होता. पाइपात कुणी उतरणार असेल, तर पॅनलची तिन्ही किटकॅट काढायची आणि जो आत जाणार त्याच्या खिशात घालायची. तो माणूस बाहेर येईपर्यंत मोटर सुरू करायची कुणाची बिशाद नव्हती.

"आत मीच जानार हाय, पोरी," तात्या म्हणाले. "इकबालभाईसंगं. पाइपाला आतनं वेल्डिंग मारायचंय. हौदाच्या तोंडातनं दोनशे फूट खाली उतरायचं."

"माहितेय मला. पण आज दिवसभर माझं टेस्टिंग आहे. पॅनलला वीज नसली की माझ्या स्क्रीनवर सगळं लाल दिसतं. आणि पंप आता माझ्या हातात आहे, तात्या. मी सांगितल्याशिवाय सुरूच होणार नाही."

"तुझ्या हातात?" त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं. त्यात मोबाइल होता. "तू तर हापिसात बसनार."

"तिथूनच सगळं होतं."

दारात बसून केबल गुंडाळत असलेले इकबालभाई वेल्डर हसले. "तात्या, ऐका तिचं. पुन्याची इंजिनेर हाय. तुमचा जमाना गेला आता."

तात्या हसले नाहीत, किटकॅट हातात खेळवत उभेच राहिले. मला राग आला. तीन आठवड्यांची रजा काढून, एक पैसा न घेता मी गावासाठी हे सगळं उभं केलं होतं, आणि पहिल्याच दिवशी हा अविश्वास. "कॉम्प्युटरवर भरवसा नाही असं सरळ सांगा ना," मी जरा चढ्याच आवाजात म्हणाले.

"तसं न्हाय गं," तात्या म्हणाले. "बरं. लावतो."

ते पॅनलकडे वळले. पाठीमागून खट्, खट् असा आवाज आला. मी मोबाइलवर पाहिलं, वीज आहे असं दाखवणारा हिरवा ठिपका लागला होता. मग त्यांच्याकडे न बघताच मी गावाकडे निघाले.

याला आता अकरा वर्षं झाली. मी तेव्हा तेवीस वर्षांची होते आणि पुण्यातल्या एका कंपनीत जावास्क्रिप्ट लिहायला लागून मला जेमतेम दीड वर्ष झालं होतं. त्या वयात माणसाला वाटतं तसं मलाही वाटायचं, की जगातले निम्मे प्रश्न लोकांना प्रोग्रॅम लिहिता येत नाही म्हणून पडलेत.

मी पंपघरात वहीएवढा एक छोटा कॉम्प्युटर बसवला होता. संस्थेच्या ऑफिसातून त्याला निरोप द्यायचा, वेळ झाली की तो आधी पंधरा मिनिटं भोंगा वाजवणार आणि मग पंप सुरू करणार. मला सगळ्यात जास्त अभिमान होता तो निरोपाच्या भाषेचा. संस्थेचे सेक्रेटरी लवटेअण्णा तारखांचे इंग्रजी रकाने बघितले की चष्मा काढून ठेवत. म्हणून मी एकच चौकोन ठेवला. त्यात मराठीत लिहायचं, 'उद्या सकाळी सहा', बस्स. पुढचं प्रोग्रॅम बघून घेणार. शिवाय त्याला चौकशीही करता यायची. 'काल पंप किती तास चालला' असं विचारलं की तो सांगायचा. अण्णा त्याला 'आपला नवा कारकून' म्हणायला लागले होते.

त्या सोमवारी मी सकाळीच देवळाच्या लाऊडस्पीकरवरून पुकारलं होतं, की आज दिवसभर भोंग्याची चाचणी आहे, वाजला तरी कुणी लक्ष देऊ नये. साडेनऊपर्यंत तो चार वेळा वाजवूनही झाला होता.

दहा चाळीसला तो पाचव्यांदा वाजला.

मी चहाचा कप तोंडाला लावला होता. आधी मनात आलं, आवाज काय खणखणीत येतोय चार किलोमीटरवरून. मग लक्षात आलं की टेस्टचं बटण मी दाबलेलंच नाही.

"अण्णा, तुम्ही काही दाबलंत का?"

"मी? न्हाय बा." अण्णा कॉम्प्युटरपुढून उठून खुर्चीवरची शाल घडी करत होते. "मी फकस्त फुडचं पानी टाकलं. तूच म्हनालीस की, आता तुमच्या हातानं टाकून बघा."

"काय टाकलंत?"

"परवा सकाळी सहा."

मी स्क्रीन माझ्याकडे वळवली. मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'पंप सुरू होण्यास शिल्लक १४:१०'. मी बघत असतानाच त्याचं १४:०९ झालं.

"परवा म्हणजे कधी, अण्णा?"

"परवा म्हंजे परवा. बुधवारी. आज सोमवार न्हवं का?"

आकड्यांखाली बारीक अक्षरांत तारीख होती. ती गेल्या शनिवारची होती.

आपल्याकडे परवा दोन असतात, एक होऊन गेलेला आणि एक यायचा. बोलताना कुणाचा घोळ होत नाही. परवा आलो, परवा येतो, पुढचं क्रियापद सगळं सांगून जातं. माझ्या चौकोनात क्रियापद नव्हतं. शब्दांची यादी मी चौकशीसाठी केली होती. 'परवा पंप किती तास चालला' असं विचारलं तर परवा म्हणजे वजा दोन दिवस, तिथं ते बरोबरच होतं. नवी यादी करायचा कंटाळा केला आणि तीच यादी टायमरला जोडून दिली. तपासताना दर वेळी मी 'उद्या' लिहिलं होतं. एकदाही परवा लिहून पाहिलं नव्हतं.

टायमर लावणं म्हणजे एखाद्याला सांगून ठेवण्यासारखं असतं, की अमुक वेळानं मला हाक मार. त्यानं हाक मारली की ठरलेलं काम करायचं. आता त्याला वजा दोन दिवसांनी हाक मार असं सांगितलं, तर माणूस विचारेल, डोकं ठिकाणावर आहे का. जावास्क्रिप्ट विचारत नाही. वेळ उलटून गेली असं धरून ते त्याच क्षणी हाक मारतं.

"अण्णा," मी म्हणाले, "तात्या पाइपात आहेत."

अण्णांच्या हातातली शाल खाली पडली. "फोन लाव. फोन लाव आदी."

मी तात्यांना फोन लावला. खिडकीशेजारी खुंटीवर टांगलेल्या पिशवीत तो वाजू लागला. पाइपात ओल असते म्हणून तात्या फोन ऑफिसातच ठेवून जात. इकबालभाईंचा फोन संपर्क क्षेत्राच्या बाहेर होता. लोखंडाच्या पाइपात, दोनशे फूट आत, तो आणखी कुठं असणार? हौदाच्या तोंडाशी वेल्डिंगचा जनरेटर धडधडत असणार, त्यामुळे भोंगा ऐकू येणं कठीण. आणि ऐकू आलाच तरी काय? लक्ष देऊ नका म्हणून मीच गावभर पुकारलं होतं.

"मग बंद कर की त्ये!" अण्णा ओरडले. "बगत काय बसलीस? तुझ्या हातात हाय न्हवं?"

"बंद करायची सोय नाही केलेली," मी म्हणाले.

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं.

टायमर लावला की तो आपल्याला एक नंबर देतो, बँकेत टोकन देतात तसा. तो जपून ठेवला तर नंतर सांगता येतं, या नंबरची हाक मारू नकोस. मी तो नंबर घेतलाच नव्हता. निघण्यापूर्वी पुण्यातल्या आमच्या मॅडमनी माझा प्रोग्रॅम वरवर चाळला होता आणि एकच प्रश्न विचारला होता, "कांचन, टायमरचा नंबर कुठं ठेवतेस? रद्द करायचा झाला तर?" मी म्हणाले होते, "पाणी कोण रद्द करतंय मॅडम? गाव त्याचीच तर वाट बघत असतं." आणि आम्ही दोघी हसलो होतो.

"मी पंपघरावर जातो," अण्णांनी गाडीची किल्ली उचलली. "किटकॅट उपसून काढतो. किती येळ हाय?"

"दहा मिनिटं. दहा मिनिटं वीस सेकंद."

"वाटंला बारा लागत्यात."

"टेकडीवर गेलात तर?"

"तितं गाडी जात न्हाय. चढायलाच ईस मिंटं." ते दारातून बाहेर पडता पडता म्हणाले, "तू कायतरी कर. कायबी कर." गाडीचा आवाज वेशीकडे गेला आणि भोंग्यात मिसळला.

मी एकटी उरले. स्क्रीनवर नऊ मिनिटं होती, मग आठ. पंपघरातल्या कॉम्प्युटरमध्ये शिरायचं तर त्याचा पासवर्ड माझ्या लॅपटॉपमध्ये, आणि लॅपटॉप घरी. या पानावर तीनच बटणं होती, टेस्ट, चौकशी आणि पुन्हा सुरू करा. प्रोग्रॅम अडकला तर अण्णांनी दाबायचं म्हणून ते तिसरं बटण मी दिलं होतं. ते दाबलं की प्रोग्रॅम बंद होऊन नव्यानं सुरू होणार. सुरू झाला की आपली नोंदवही उघडणार, त्यात शनिवारचं एक काम राहून गेलेलं दिसणार, आणि ते उरकायला घेणार.

पण कुठून उरकायला घेणार? भोंग्यापासून, की थेट पंपापासून?

मला आठवेना. माझ्याच हातानं दोन आठवड्यांपूर्वी लिहिलेलं, आणि आठवेना. राहिलेलं काम चटकन व्हावं म्हणून मधली पंधरा मिनिटं मी वगळली होती का? असा विचार केल्याचं आठवत होतं. तसं लिहिलं की नुसतंच मनात आलं, ते आठवत नव्हतं. लिहिलं असलं, तर बटण दाबल्याबरोबर पंप सुरू होणार आणि अण्णा अजून अर्ध्या वाटेतसुद्धा नसणार.

सहा मिनिटं उरली. मी मोठ्यानं हिशेब केला. काही न करता अण्णांना दोन मिनिटं कमी पडत होती. पाणी पाइपातून वर यायला चार मिनिटं. म्हणजे माणसं कदाचित वाचतील, अंधारात, तारा सावरत, ओल्या पाइपातून दोनशे फूट चढत. कदाचित. ५:५० ला मी बटण दाबलं.

भोंगा बंद झाला.

इतकी शांतता झाली की बाहेर कुणीतरी दाणे पाखडत होतं ते ऐकू आलं. मी आकडे मोजत होते. एक, दोन, तीन. पाच. सात. माझ्या तोंडून 'आई' असा शब्द निघाला, आणि भोंगा पुन्हा वाजू लागला. स्क्रीनवर १५:०० आलं.

मी रडत होते आणि हसतही होते. रद्द करता येत नव्हतं, पण पुढं ढकलता येत होतं. अण्णांना आता भरपूर वेळ होता. खरं तर मी ते बटण दर मिनिटाला दाबायला हवं होतं. पण ते आठ सेकंद पुन्हा सोसायची माझी छाती होईना. लागलंच तर दाबू, असं म्हणून हात माउसवर ठेवून मी बसून राहिले.

अण्णा दहा सत्तावनला पोचायला हवे होते. फोन आला नाही. मी लावला, त्यांनी उचलला नाही. स्क्रीनवर सहा मिनिटं होती. आता दाबते, म्हणून मी बाण बटणावर नेला आणि स्क्रीन काळी झाली.

वरचा पंखा हळूहळू थांबला. सोमवारी अकराला वीज जाते हे गावातल्या लहान मुलालाही माहीत होतं. त्या दिवशी ती दोन मिनिटं आधी गेली.

एक क्षण मला वाटलं, सुटलो, वीजच नाही तर पंप कसा चालणार? पण भोंगा वाजतच होता. पंपघराला वेगळी लाइन होती. ती चोवीस तास मिळावी म्हणून अण्णांनी दोन वर्षं खेटे घातले होते.

मी मोबाइलवर पान उघडायला घेतलं. रेंजची एकच काडी होती. खिडकीत गेले, मग पायरीवर, मग रस्त्याच्या मधोमध. पान उघडतंय असं दाखवणारा गोल नुसता फिरत राहिला. "टेस्टिंग झालं न्हाय का गं अजून? कान किटलं," शेजारच्या ओसरीवरून कुणीतरी विचारलं. गोल फिरत होता. अकरा वाजून दोन. तीन. मी मनात तात्यांशी बोलत होते. बाहेर या, तात्या. तहान लागू दे, विडी ओढावीशी वाटू दे, काहीही होऊ दे, पण बाहेर या.

अकरा वाजून चार मिनिटांनी भोंगा थांबला. या वेळी आठ आकडे झाले, दहा झाले, वीस झाले, तरी तो वाजला नाही.

मग पान उघडलं. त्यावर हिरव्या अक्षरांत लिहिलं होतं, 'पंप चालू'.

मी रस्त्यातच खाली बसले. पाणी वर यायला चार मिनिटं. काहीच करता येत नसतं तेव्हा माणूस काय करतो, तर मी मातीत बोटानं रेघा ओढत होते. सकाळचे माझेच शब्द कानात येत होते. पंप आता माझ्या हातात आहे, तात्या.

तीन मिनिटांनी फोन वाजला. अण्णांना धाप लागली होती. मागे दुसरा कसलाच आवाज नव्हता. "कांचन... गाडी वड्याच्या वाळूत रुतली... पळत आलो..."

"अण्णा, मोटर बंद करा!"

"अगं, मोटर बंदच हाय."

"काय?"

"बंद हाय. पॅनलचा लाल दिवा लुकलुकतोय, पन मोटर उठली न्हाय. दोनच किटकॅट हायत हितं. मदली खाच रिकामी हाय."

मोटरीला तिन्ही किटकॅट लागतात, माझ्या कॉम्प्युटरला आणि हिरव्या ठिपक्याला एक पुरतं. माझा प्रोग्रॅम खोटं बोलत नव्हता. त्यानं पंपाला सुरू हो म्हणून सांगितलं होतं आणि सांगितलं म्हणजे झालंच, असं लिहून टाकलं होतं. मीही सकाळी तेच केलं होतं.

"उरलेली दोन्ही काढा," मी म्हणाले, "आणि हातात धरून बसा. मी येईपर्यंत कुणाला देऊ नका."

टेकडी मी कशी चढले ते आठवत नाही. हौदापाशी पोचले तर जनरेटर बंद होता आणि ते दोघं कठड्याच्या सावलीला बसून थर्मासमधला चहा पीत होते. तात्यांच्या धोतराला गंज लागला होता. मला बघून ते म्हणाले, "इतक्या उनाचं कशापाई पळत आलीस? झालं का तुझं टेस्टिंग? भोंगा लई येळ कोकलत हुता वाटतं. आत जरा जरा ऐकू यायचा."

मी सगळं सांगितलं. परवाचं सांगितलं, बटणाचं सांगितलं, दर मिनिटाला दाबायला धीर झाला नाही तेही सांगितलं. लपवावं असं वाटलं नाही असं नाही. पण इकबालभाईंच्या हातातला चहाचा कप बघितला आणि लपवता आलं नाही.

इकबालभाई उठून उभे राहिले. "माजी तीन पोरं हायत घरात," ते म्हणाले. "सकाळी मी तुजी बाजू घेतली. ह्या म्हाताऱ्याला हसलो मी." मग पाठ फिरवून ते हौदाच्या पलीकडे जाऊन उभे राहिले.

तात्यांनी उरलेला चहा संपवला. सदऱ्याखालच्या बंडीच्या खिशात हात घालून त्यांनी ते पांढरं किटकॅट काढलं आणि कठड्यावर ठेवलं.

"तात्या, तुम्ही लावतो म्हणालात," मी म्हणाले. दुसरं काही सुचलंच नाही.

"लावली की. तू सांगितलंस म्हनून दोन लावली." ते किटकॅटकडे बघत म्हणाले. "एक लावाया हात हुईना. तुला राग आला आसता म्हनून बोललो न्हाय."

सकाळी पाठीमागून खट्, खट् असा आवाज आला होता. दोनदाच. मी मोजला नव्हता.

मी तिथंच हमसून हमसून रडले. तात्यांनी रडू दिलं. पाठीवर हात ठेवला नाही आणि झालं गेलं विसर असंही म्हणाले नाहीत. मग इकबालभाईंना हाक मारली, "चला भाई. अर्दा सांदा राहिलाय. बुदवारी पानी सोडायचंय."

"मी न्हाय येत," इकबालभाई तिकडूनच म्हणाले.

"या. आता ही बी येतीया आत. बॅटरी धराया मानूस लागतंच."

मी तोंड पुसून त्यांच्याकडे पाहिलं. ते चेष्टा करत नव्हते. हौदाच्या कोपऱ्यात पाइपाचं काळं तोंड दिसत होतं. त्यातून गार, गंजाचा वास येणारा वारा येत होता. इकबालभाई सावकाश परत आले, त्यांनी माझ्याकडे न बघता बॅटरी माझ्या हातात दिली आणि जनरेटरची दोरी ओढली.

तात्यांनी कठड्यावरचं किटकॅट उचललं. ते स्वतःच्या बंडीत टाकायला गेले, थांबले, आणि माझ्यापुढे धरलं.

"घे. खिशात ठेव."

"मला?"

"तिगांत एकाकडं असलं की पुरं. आज तुज्याकडं."

मी ते घेतलं. बंडीतल्या खिशात राहून ते कोमट झालं होतं. मी कुडता चाचपला आणि ओशाळून म्हणाले, "तात्या, माझ्या ड्रेसला खिसाच नाही."

"मग वडनीत बांद," ते पाइपाच्या तोंडाशी वाकत म्हणाले. "आन् एक गाठ नगो. दोन मार."